जांभळ्या वाती

सुनेची बोटं जांभळी झालेली इनोयत-ओपाने त्या आठवड्यात तीनदा पाहिली होती आणि तिन्ही वेळा तुतीला दोष दिला होता. जूनच्या सुरुवातीला चुस्त गावात जांभळी बोटं नसलेला माणूस दिसला, तर तो परगावचा समजावा, अशी तेव्हाची स्थिती. अंगणातल्या काळ्या तुतीचा सडा पडलेला असे, आणि सून ओयदिन त्याच झाडाखाली बसून टोप्यांसाठी कागदाच्या वाती वळत होती. वातीही जरा जांभळट दिसल्या, तर त्यात नवल काय, असं सासूला वाटलं. ती एवढंच म्हणाली की, खाल्ल्यावर हात पुसत जा, पांढऱ्या रेशमाला डाग लागला तर टोपीवर भरतकामातल्या मिरच्यांच्या जागी वांगी दिसतील.

चुस्तची टोपी डोक्यावर ताठ उभी राहते ती या वातींच्या जोरावर. वरचं काळं साटीन आणि आतलं अस्तर एकत्र धरून त्यावर एकमेकींना लागून उभ्या टिपा घालायच्या, आणि दोन टिपांमधल्या चिंचोळ्या बोगद्यात कागदाची ओलसर वात सळईने सारायची. वाळली की टोपी अशी होते की चुकून कोणी वर बसलं तरी पुन्हा उभी राहते. कागद मात्र कुठलाही चालत नाही. वर्तमानपत्राची शाई घामाने सुटते, सिमेंटच्या पिशवीचा कागद टाळूला टोचतो. सगळ्यात उत्तम शाळेच्या वहीचा. समोरच्या मास्तरीणबाई दरवर्षी परीक्षा संपली की मुलांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा आणून देत, आणि इनोयत-ओपा तो आतल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवी.

त्या खेपेला काम मोठं होतं. मुहल्ल्यातल्या बारा पुरुषांची दर शुक्रवारी बैठक असे. सगळे एका वयाचे, एकाच वर्षी शाळेत गेलेले. पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे, तिथेच शिजवायचे, तिथेच जेवायचे. बायकांना तिथे मज्जाव, आणि तिथलं बोलणं घरी आणायचं नाही हा दंडक. त्या बारा जणांनी एका लग्नासाठी एकसारख्या बारा टोप्या सांगितल्या होत्या. इनोयत-ओपाचा नवरा एर्गाश-अका त्या बारांतलेच एक; पण ऐन लग्नाच्या आधी त्यांना गुडघ्यांसाठी चोरतोकच्या आरोग्यधामात जागा मिळाली आणि ते तिथल्या औषधी पाण्यात बसायला चोवीस दिवसांसाठी निघून गेले. त्यांची टोपी खुंटीवर राहिली. बाकीच्या अकरा शनिवारी घरोघरी पोचल्या आणि रविवारी लग्नात नाचल्या.

सोमवारी इनोयत-ओपा नवीन कामासाठी कागद काढायला गेली, तर मास्तरीणबाईंचा गठ्ठा जसाच्या तसा, सुतळीची गाठही न सुटलेला. त्याच्या शेजारी निळ्या फितीने बांधलेल्या सहा पातळ वह्या असायच्या, त्या मात्र नव्हत्या. नुसती फीत होती.

त्या वह्या एर्गाश-अकांच्या होत्या. कापूस खरेदी केंद्रावर तीस वर्षं वजनं घेतलेला हा माणूस बोलण्यात फार काटकसरी. पण शनिवारी सकाळी चहा झाला की कोनाड्याजवळ बसून, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून, वहीत काहीतरी लिहायचा. लिहायचा तेही जुन्या अक्षरांत, लहानपणी, शाळेच्याही आधी, मदरशात गिरवलेल्या. नंतर देशाची अक्षरं बदलली, शाळा बदलल्या, इनोयत-ओपा नवी अक्षरं शिकली. त्यामुळे नवऱ्याची वही तिच्यासमोर उघडी पडलेली असली तरी तिला बंदच होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एकदाच, तिने विचारलं होतं की एवढं काय लिहिता. "असंच," ते म्हणाले होते. त्या 'असंच'भोवती ती कित्येक वर्षं फेऱ्या घालत होती.

तिने सुनेला हाक मारली.

"आई, मला वाटलं, मुलांनी पेन्सिल चालते का ते बघितलंय," ओयदिन म्हणाली.

"सहा वह्या भरून?"

"आमच्या वर्गात होता एक तसा."

रागवायला वेळ नव्हता. चोवीसांतले सहा दिवस गेले होते. इनोयत-ओपाने खुंटीवरची नवऱ्याची टोपी काढली, अस्तर उसवलं आणि वाती एकेक करून किटलीच्या वाफेवर धरल्या. त्या उलगडल्या. कात्रीने वहीच्या पानांच्या आडव्या पट्ट्या कापल्या होत्या, एका पट्टीत एक ओळ. ती पेन्सिल खरेदी केंद्रावरची होती, ओल लागली की अक्षर पुसण्याऐवजी गडद जांभळं होणारी. म्हणजे तुती बिचारी निर्दोष होती.

गावात जुनी अक्षरं वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिली होती, आणि बायकांत एकच: सादत-बुवी. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात फूल पडलेलं, बायकांच्या मर्तिकाला आणि नवसाला पोथी वाचायला त्यांनाच बोलावत. काहीही वाचायचं झालं तर त्या एकाच चालीत वाचत, कारण दुसरी चाल त्यांना येत नव्हती. इनोयत-ओपाने गरम भाकरी, तुतीचं भांडं आणि रुमालात बांधलेल्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. बुवींनी आधी भाकरीचा घास घेतला, मग पहिली पट्टी चांगल्या डोळ्याशी नेली आणि मान डोलावत, लांब सुरात वाचलं:

"गाजर जास्त."

 बुवींनी दुसरी उचलली. "मीठ जास्त. दोनदा पाणी प्यायलो." तिसरी. "तांदूळ तळाला लागला." चौथी. "आजही जमलं नाही."

"बाई, हा पुलाव आहे," बुवी म्हणाल्या.

इनोयत-ओपाला ते सांगायची गरज नव्हती. गेली अडतीस वर्षं दर गुरुवारी ती पुलाव करत होती. एर्गाश-अका ताट स्वच्छ करायचे, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून देवाचे आभार मानायचे आणि उठायचे. बरा झाला नाही, वाईट झाला नाही, काही नाही. तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पुरुष तसेच असतात, म्हणून सोडून दिलं होतं. आणि हा माणूस दोन दिवस थांबून, शनिवारी सकाळी, तिच्यादेखत, तिच्याच हातचा चहा पिऊन हे लिहीत होता.  ती पट्ट्या गोळा करायला लागली, तेवढ्यात बुवींनी आणखी एक उचलली होती.

"आजही गाजर जास्त, तांदूळ फुटला. पण इनोयतला," असं वाचून त्या थांबल्या.

"पुढे?"

"पुढे कात्री."

इनोयत-ओपाने पट्टी हातात घेतली. अक्षर कळत नव्हतं तरी तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. पुलावाचा राग जागच्या जागी होता, पण त्याच्या पुढे आता दुसरंच काही येऊन उभं राहिलं होतं. नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची नाही, आणि बायकोने नवऱ्याला, अशी त्यांच्याकडची रीत. ती त्यांना 'दादासी' म्हणायची, मुलांचे वडील या अर्थाने, आणि ते तिला 'ओनासी', मुलांची आई. लग्न लागताना तिचं नाव त्यांनी ऐकलं असेल तेवढंच. तिला कधी कधी शंका यायची की त्यांना ते आठवतं तरी का. आणि इथे त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. अन् त्याच्या आधी 'पण' होता.

पण इनोयतला काय? समजावून उपयोग नाही? येत नाही, तर तिचा काय दोष? माहेरी परत धाडावं? पुढची ओळ त्या अकरा टोप्यांपैकी एकीत होती, आणि ती टोपी कोणाच्या तरी डोक्यावर गावभर हिंडत होती.

ती तशीच बाजारात, बारांतल्याच तुर्दी खाटकाकडे गेली. तुर्दी-अकांच्या गुळगुळीत डोक्यावर, टोपीच्या कडेखालून, कानापर्यंत एक जांभळा ओघळ आला होता. लग्नात ते सगळ्यांत जास्त नाचले होते. इनोयत-ओपाने सांगितलं, वातींना खराब कागद लागला, टोपी द्या, दोन दिवसांत नव्या वाती भरून देते, पैसे नकोत. हे शेवटचं बोलायला नको होतं. तुर्दी-अकांनी सुरा बाजूला ठेवला.

"ओपा, आपली ओळख चाळीस वर्षांची. तुम्ही कधी एक टाका फुकट घातला नाहीत. आत आहे तरी काय?"

"कागद."

"कागदासाठी तुम्ही भर दुपारी बाजारात धावत आलात?"

टोपी त्यांनी दिली नाही. ती गेल्यावर दुकानाची फळी ओढून घेतली आणि हाडं सोलायच्या सुरीने अस्तराचा एक कोपरा उसवला. आतून जी वात निघाली तिच्यावर अक्षरं होती, आणि ती त्यांच्या आजोबांच्या पेटीत सात कापडांत गुंडाळून ठेवलेल्या पोथीतल्या अक्षरांसारखी होती. तुर्दी-अकांनी ती आधी डोळ्यांना लावली, मग कपाळाला. मग त्यांना आठवलं की रविवारपासून आपली अर्धशिशी उठलेली नाही. आता रविवारपासून त्यांनी चार वेळा जेवून तीन वेळा झोप काढली होती हेही खरं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष जातं? संध्याकाळपर्यंत मुहल्ल्यात एकच बातमी: इनोयत-ओपाच्या टोप्यांत दुवा लिहिलेल्या वाती आहेत. उगाच ती परत मागत फिरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दारात माणसं. एकीला गुडघ्यासाठी टोपी हवी होती. गुडघ्याला टोपी कशी बांधणार, असं ओयदिनने विचारलं, तर म्हणे ते मी बघते. ज्यांच्याकडे टोप्या होत्या ते तर त्या डोक्यावर घालेनासे झाले. सोबिर न्हाव्याने आरशाच्या वर खिळा ठोकून लावली, केस उडून बसू नयेत म्हणून वर मलमल. इनोयत-ओपा ज्याच्याकडे जाई तो टोपीवर हात ठेवून दोन पावलं मागे सरके.

आणि खरं सांगण्याचीही सोय नव्हती. ती दुवा नाही, माझ्या पुलावाची निंदा आहे, असं सांगायचं कसं? तिचं हसं झालं असतं ते झालंच असतं. पण एर्गाश-अका, सगळा गाव ज्यांच्या मापावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा तो माणूस, बायकोच्या देगीतलं मीठ चोरून वहीत लिहितो, हे कळल्यावर शुक्रवारच्या बैठकीत त्यांना कोणी सुखाने बसू दिलं असतं? चोरतोकहून परत येणार ते त्याच बैठकीच्या ओढीने. दुसरं त्यांना होतं काय?

यातून वाट काढली ती तुर्दी-अकांनीच, स्वतःला न कळता. दुवा आहे खरी, पण कशासाठी आहे ते तर कळायला हवं, म्हणून ते आपल्या टोपीतल्या वाती घेऊन सादत-बुवींकडे जायला निघाले. ओयदिनने ते पाहिलं आणि मागच्या गल्लीने धावत येऊन सासूला सांगितलं. तुर्दी-अका बुवींच्या घरात पुढच्या दारातून शिरले तेव्हा इनोयत-ओपा मागच्या दाराने येऊन, गोधड्यांच्या चळतीमागे, श्वास धरून बसली होती.

"ही पवित्र आहे ना, बुवी?" तुर्दी-अकांनी विचारलं.

"लिहिणाऱ्याने लिहिताना खोटं लिहिलं नाही, एवढं मला दिसतं," बुवी म्हणाल्या. "मी आहे तसं वाचीन. अर्थ तुझा तू लाव."

आणि त्यांनी मान डोलावत त्या लांब सुरात वाचायला सुरुवात केली. तेल चांगलं तापलं नव्हतं. कांदा करपला. तुर्दी-अका प्रत्येक ओळीला डोळे मिटून मान हलवत होते. मग बुवींचा सूर जरा अडखळला, पण त्यांनी शब्द बदलला नाही.

"मांस जून. तुर्दीने पुन्हा फसवलं."

गोधड्यांमागे इनोयत-ओपाने ओढणीचं टोक दातांत धरलं. ती गोष्ट खरी होती. हा माणूस म्हाताऱ्या बकरीला कोकरू म्हणून विकायचा, आणि ती दर आठवड्याला त्याच्याशी भांडायची. निदान एवढं तरी नवऱ्याने तिच्या माथी मारलं नव्हतं.

 मग तुर्दी-अका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माझं नाव आहे?"

"माझा एक डोळा अधू आहे," बुवी म्हणाल्या. "दुसरा चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी तुर्दी-अकांच्या आकड्याला कोवळ्या मेंढीचं मांस टांगलेलं होतं, आणि ते पुढेही तसंच राहिलं. त्यांच्या मागोमाग सोबिर न्हावी गेला. त्याला 'मीठ जास्त' निघालं. डॉक्टर दोन वर्षं तेच सांगत होते, पण डॉक्टरांचं सांगणं टोपीतून थोडंच निघतं? त्याने मीठ सोडलं, आठ दिवसांत त्याचं डोकं हलकं झालं, आणि मग काय, उरलेले सगळे वाती घेऊन बुवींच्या दारात. बुवींच्या घरात तुती, भाकरी आणि साखरेच्या खड्यांची रास लागली. गोधड्यांमागे आता इनोयत-ओपाच्या शेजारी ओयदिनही बसू लागली, मांडीवर कोरी वही घेऊन. बुवी वाचत ते ती नव्या अक्षरांत उतरवून घेई. नवऱ्याची वही अशी ओळीओळीने परत येत होती. इनोयत-ओपाला त्याचं समाधान होतं, पण तिचा कान एकाच ओळीकडे लागलेला. ती येत नव्हती.

मधेमधे तिला काही गोष्टी खटकत. एकदा बुवींनी वाचलं, "चार किलो तांदूळ, धूर लागला." लोक गेल्यावर ती बाहेर आली ती भांडायच्या तयारीने.

"चार किलो मी कधी शिजवला? घरात माणसं आम्ही चार. आणि माझ्या पुलावाला जन्मात धूर लागलेला नाही."

"चार लिहिलंय."

"तुमचा डोळा..."

"डोळ्याला मध्ये आणू नकोस. चार आहे."

इनोयत-ओपाने विषय सोडला, पण गुरुवारी देगीपुढे उभी राहिली की ते सगळं आठवे. तिने गाजर कमी केलं. मग आणखी कमी केलं. मीठ घालताना चिमूट परत डब्यात टाकली. तांदूळ फुटू नये म्हणून झारा फिरवायचाच बंद केला, धूर लागू नये म्हणून अर्धी लाकडं मागे ओढली. मुलगा दोन घास खाऊन म्हणाला, आई, मीठ दे जरा. ओयदिनने त्याला कोपर मारलं. तो म्हणाला, बरं, नको.

अकरांपैकी दहा टोप्या वाचून झाल्या. अकरावी होती नुरमत-अकांची, आणि ते ट्रक घेऊन, काकड्या भरून, टोपी डोक्यावर घालून ताश्कंदला गेले होते. ते परत येण्याआधी चोवीस दिवस संपले.

एर्गाश-अका आले तो गुरुवार होता. गुडघे पहिल्यापेक्षा बरे, चेहरा टवटवीत. इनोयत-ओपाने सगळं पाठ करून ठेवलं होतं: जेवण झालं की चहा द्यायचा, चहा झाला की ओयदिनने उतरवलेली वही पुढे ठेवायची, आणि मग जे व्हायचं ते होईल. तिने ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि वही शेजारी ठेवून ओटीच्या कडेला बसली. त्यांनी घास घेतला. चावायचे थांबले. दुसरा घास घेतला, आणि ताटाकडे असं पाहिलं जसं कापसाच्या गाठीत दगड सापडल्यावर बघत असतील.

"ओनासी," ते म्हणाले, "तुला बरं नाही का?"

"का?"

"मीठ नाही यात. आणि गाजर गेलं कुठे?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस जेवणाबद्दल बोलला होता. इनोयत-ओपाचं पाठ केलेलं सगळं त्याबरोबर वाहून गेलं. गाजर गेलं तुमच्या वहीत, ती म्हणाली. मीठही तिथेच गेलं. आणि मग थांबलीच नाही: सुनेची कात्री, खुंटीवरची टोपी, जांभळे ओघळ, सादत-बुवी, सगळं सांगितलं. एवढी वर्षं माझ्या हातचं ताट चाटून पुसून खायचं आणि मग माझ्याच घरात बसून 'आजही जमलं नाही' असं लिहायचं, तोंडाने एकदा सांगितलं असतं तर मी काय देग डोक्यात घातली असती? एर्गाश-अका ऐकत होते. त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"कोणाकोणाला कळलं?"

"वाचलं बुवींनी. ऐकलं तुमच्या सगळ्या बैठकीने. पण त्यांना वाटतं ती दुवा आहे. कपाळाला लावतात."

"तुर्दीसुद्धा?"

"तोही. 'तुर्दीने पुन्हा फसवलं' ऐकल्यापासून कोवळं मांस विकतोय."

एर्गाश-अकांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलले. ते हसत होते हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, त्याला काही सांगू नकोस. मांस चांगलं देतोय ना, मग राहू दे.

त्यानंतर ते बराच वेळ सतरंजीच्या सुतांशी चाळा करत राहिले.

"तो पुलाव तुझा नाही," शेवटी ते म्हणाले. "माझा आहे."

शुक्रवारच्या बैठकीत पाळीपाळीने शिजवायचं ठरलं होतं, पण सतरा वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून ते काम एर्गाश-अकांच्या गळ्यात घातलं. तू वजन करणारा माणूस, तुझं माप चुकायचं नाही, म्हणाले. बारा माणसांना चार किलो तांदूळ. त्यांनी डोळ्यांसमोर एकच पुलाव धरला, गुरुवारी घरी खाल्लेला, आणि दर शुक्रवारी तो करायला गेले. दर शनिवारी कुठे चुकलं ते लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी तेवढं तरी टळेल. सतरा वर्षं. मित्र मुकाट्याने खात. बैठकीतलं बोलणं घरी न्यायचं नाही या दंडकाचा त्यांना केवढा आधार होता, ते त्यांनाच माहीत.

इनोयत-ओपाच्या डोक्यात चार किलो तांदूळ, धूर आणि करपलेला कांदा एकेक करून जागेवर बसत गेले. पण एक जागा अजून रिकामी होती.

"एक ओळ अर्धी राहिलीय," ती म्हणाली. "तांदूळ फुटला, गाजर जास्त. 'पण', आणि मग माझं नाव. पुढे काय होतं?"

ती ओळ त्यांना आठवावी लागली नाही. त्यांनी भिंतीकडे पाहत, हलक्या आवाजात, नावासकट म्हटली.

"पण इनोयतला विचारायची हिंमत होत नाही."

दारात चहाची किटली घेऊन आलेली ओयदिन तशीच मागे फिरली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. त्यांच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

 एर्गाश-अकांनी खिशातून पेन्सिल काढली, ओयदिनने ज्या वहीत त्यांच्या ओळी उतरवल्या होत्या ती जवळ ओढली आणि तिचं मागचं कोरं पान उघडलं.

"आता झालंच आहे सगळं, तर विचारूनच टाकतो. किलोभर तांदळाला गाजर किती घालतेस?"

इनोयत-ओपाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही.

"बघून," ती म्हणाली.

"काय बघून?"

"गाजर बघून. गोड असलं तर कमी. आणि तांदूळ जुना असला तर..." तिने हात हवेत फिरवला. "ते दिसतं ना."

"मीठ?"

तिने मूठ वळली, उघडली, तळहाताकडे असं पाहिलं जसं तो दुसऱ्या कोणाचा आहे. "हाताला कळतं," ती म्हणाली.

एर्गाश-अकांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्या दोन शब्दांकडे ते कितीतरी वेळ बघत बसले. सतरा वर्षं विचारायला घाबरले त्याचं उत्तर अर्धी ओळसुद्धा भरत नव्हतं. मग त्यांनी समोरचं अळणी ताट बाजूला सारलं आणि बाह्या वर केल्या.

"चल," ते म्हणाले. "देग पुन्हा चढव. मी नुसता बघत बसतो."

"बसा," इनोयत-ओपा म्हणाली, आणि जाताजाता त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "पण जे वाटेल ते तोंडाने सांगायचं."